बहुमत मागायचे कुणाकडे?

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात नोव्हेंबर २०१० मध्ये पॉल लपाज गव्हर्नर झाले, तेव्हा त्यांना मिळालेली मते होती ३७.६ टक्के. दुसऱ्या क्रमांकावरचे अपक्ष एलियट कटलर ३५.९ टक्क्यांवर थांबले. दोघांमधले अंतर दहा हजार मतांहूनही थोडे कमी होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या लिबी मिचेल १९ टक्क्यांच्या आसपास राहिल्या. दर आठ मतदारांपैकी पाच जणांनी ज्यांना मत दिले नव्हते, ते राज्याच्या सर्वोच्च पदावर बसले आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीही वावगे नव्हते. मेनला हे नवेही नव्हते. १९७४ मध्ये जेम्स लाँगली अपक्ष म्हणून ४० टक्क्यांहून कमी मतांवर जिंकले, १९९४ मध्ये आणखी एक अपक्ष अँगस किंग सुमारे ३५ टक्क्यांवर, २००६ मध्ये डेमोक्रॅट जॉन बाल्डाची ३८ टक्क्यांवर. १९७४ ते २०१४ या काळात गव्हर्नरपदाच्या अकरा निवडणुका झाल्या आणि त्यांतल्या नऊ वेळा विजेत्याला निम्मी मतेसुद्धा मिळाली नव्हती. याचा फायदा कधी अपक्षांना झाला, कधी डेमोक्रॅटांना, कधी रिपब्लिकनांना. म्हणून हा प्रश्न कुणा एका पक्षाच्या रडगाण्यापुरता नव्हता.

आपल्याकडे अशा निवडणुकीनंतर अमक्याने तमक्याची मते खाल्ली असे म्हणतात. मेनमध्येही तेच म्हटले गेले आणि त्याहून वाईट म्हणजे निवडणुकीआधीच म्हटले जाऊ लागले. २०१४ मध्ये लपाज पुन्हा उभे राहिले. समोर डेमोक्रॅट माइक मिशॉ आणि पुन्हा कटलर. यावेळी प्रचाराचा मोठा भाग धोरणांऐवजी एकाच प्रश्नावर खर्ची पडला: कटलरना मत देणे म्हणजे लपाजना मदत करणे नव्हे काय? अँगस किंग तोपर्यंत अमेरिकेच्या सिनेटमध्ये अपक्ष सदस्य झाले होते. त्यांनी आधी कटलर यांना पाठिंबा दिला होता. अखेरच्या दिवसांत त्यांनी तो काढून घेतला आणि मिशॉ यांच्या बाजूने ते उभे राहिले. अपक्ष म्हणून दोनदा गव्हर्नर झालेल्या माणसाला दुसऱ्या अपक्षाचा हात सोडावा लागला, यातच या पद्धतीचा दोष पुरता उघडा पडतो. लपाज ४८ टक्क्यांवर पुन्हा निवडून आले. ज्याला मनापासून कटलर हवे होते त्या मतदारापुढे दोनच वाटा होत्या. खरे मत देऊन ते वाया जाऊ द्यायचे, किंवा खोटे मत देऊन ते उपयोगी पाडायचे.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी मेनच्या मतदारांनी यावर स्वतःच कायदा केला. या राज्यात १९०८ पासून नागरिकांना सह्या गोळा करून कायद्याचा मसुदा मतपत्रिकेवर आणता येतो. विधिमंडळाची मंजुरी आवश्यक नसते. राज्याच्या सिनेटमध्ये अपक्ष म्हणून राहिलेले डिक वुडबरी आणि लीग ऑफ विमेन व्होटर्ससारख्या संस्था यांच्या पुढाकाराने पाचव्या क्रमांकाचा प्रश्न लोकांपुढे आला आणि सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर झाला. त्याचा आशय सरळ होता. मतदाराने एकाच नावापुढे खूण करून थांबू नये. हवे तर पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यावी. पहिल्या पसंतीत कुणाला निम्म्याहून अधिक मते मिळाली तर निकाल लागला. नाही मिळाली, तर सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होईल आणि त्याच्या मतदारांची मते त्यांच्या पुढच्या पसंतीकडे जातील. निम्म्याचा आकडा ओलांडला जाईपर्यंत हे चालू राहील. या सुधारणेचे खरे महत्त्व मात्र बहुमताच्या अटीत नाही. बहुमताची अट अमेरिकेत जुनी आहे, मेनमध्ये तर ती राज्याच्या जन्मापासून होती. पहिल्या मोजणीत बहुमत मिळाले नाही तर पुढचा प्रश्न कुणाला विचारायचा, यावर सगळे अवलंबून असते. तो प्रश्न मतदाराखेरीज दुसऱ्या कुणाला विचारला गेला, किंवा मतदार थकून घरी परतल्यावर विचारला गेला, तेव्हा बहुमताची अट लोकांच्याच विरोधात गेली आहे, हे दाखवायला पुरेसा इतिहास उपलब्ध आहे.

सर्वांत बोलका इतिहास मेनचाच आहे. १८२० च्या राज्यघटनेनुसार गव्हर्नरला निम्म्याहून अधिक मते मिळणे आवश्यक होते. ती कुणालाच मिळाली नाहीत तर कनिष्ठ सभागृहाने आघाडीच्या चार नावांतून दोन निवडायची आणि सिनेटने त्यांतले एक ठरवायचे. १८७८ मध्ये तिरंगी लढत झाली. रिपब्लिकन सेल्डन कॉनर पहिले, ग्रीनबॅक पक्षाचे जोसेफ स्मिथ दुसरे, आणि डेमोक्रॅट अलोंझो गार्सेलॉन जेमतेम २२ टक्क्यांवर तिसरे. कनिष्ठ सभागृहात ग्रीनबॅक आणि डेमोक्रॅट एकत्र आले आणि त्यांनी कॉनर यांचे नावच पुढे जाऊ दिले नाही. सिनेट रिपब्लिकनांच्या हातात होते. स्मिथ आणि गार्सेलॉन यांच्यातून त्यांनी त्यातल्या त्यात परवडणारे म्हणून गार्सेलॉन निवडले. लोकांनी तिसऱ्या क्रमांकावर टाकलेला माणूस बहुमताच्या नियमाने गव्हर्नर झाला. पुढच्या वर्षी याहून मोठे संकट आले. १८७९ च्या निवडणुकीत रिपब्लिकन डॅनियल डेव्हिस निम्म्याच्या अगदी जवळ पोचून अडले, त्यामुळे निर्णय पुन्हा विधिमंडळाकडे जाणार होता. विधिमंडळ ज्याच्या ताब्यात, गव्हर्नर त्याचा. मग गार्सेलॉन आणि त्यांच्या मंडळाने गावोगावच्या निकालपत्रांतल्या क्षुल्लक तांत्रिक चुका काढून विरोधकांच्या जागा रद्द करायला सुरुवात केली. ऑगस्टा या राजधानीत दोन्ही बाजूंची सशस्त्र माणसे जमली. जानेवारी १८८० मध्ये राज्याच्या मिलिशियाचे प्रमुख जोशुआ चेंबरलेन यांना बारा दिवस विधानभवनाचा बंदोबस्त सांभाळावा लागला. यादवी युद्धात गेटिसबर्गच्या रणांगणावर नाव कमावलेला हा माणूस. त्याने कोणत्याही गटाची बाजू घेतली नाही, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत रक्तपात होऊ दिला नाही. त्याच वर्षी घटनादुरुस्ती झाली: यापुढे ज्याला सर्वांत जास्त मते तो गव्हर्नर, निम्म्याची अट नाही.

ही दुरुस्ती करणारे लोक मूर्ख नव्हते. सौदेबाजीच्या दारातून येणाऱ्या बहुमतापेक्षा लोकांनी थेट दिलेले अल्पमत बरे, असा त्यांचा हिशेब होता आणि तो त्या परिस्थितीत बरोबर होता. मिसिसिपीत तर बहुमताची अट मुळातच कृष्णवर्णीयांची सत्ता रोखण्यासाठी आली. तिथल्या १८९० च्या घटनेनुसार गव्हर्नरला एकूण मतांचे बहुमत आणि शिवाय प्रतिनिधिगृहाच्या निम्म्याहून अधिक मतदारसंघांत आघाडी अशा दोन्ही अटी पुऱ्या कराव्या लागत. एकही चुकली तर निवड प्रतिनिधिगृह करणार. १९९९ मध्ये रॉनी मसग्रोव्ह यांना ४९.६ टक्के मते मिळाली आणि त्यांची निवड जानेवारी २००० मध्ये सभागृहाने केली. ही व्यवस्था लोकांनी २०२० मध्ये मोडीत काढली. व्हरमाँटमध्ये आजही बहुमत न मिळाल्यास विधिमंडळच गव्हर्नर ठरवते. २०१४ च्या निवडणुकीनंतर पीटर शुमलिन तसेच पदावर परतले.

दुसरी वाट म्हणजे आघाडीच्या दोघांत नव्याने मतदान. ही कानाला सर्वांत न्याय्य वाटते. ॲरिझोनाने ती धरली. १९८६ मध्ये इव्हान मेकम तिरंगी लढतीत ४० टक्क्यांवर गव्हर्नर झाले, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी रद्द करून त्यांनी राज्यभर वादळ उठवले आणि एप्रिल १९८८ मध्ये महाभियोगात दोषी ठरून ते पायउतार झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी बहुमताची अट घटनेत घातली. दोनच वर्षांनी तिची परीक्षा झाली. १९९० मध्ये फाइफ सिमिंग्टन आणि टेरी गॉडर्ड यांच्यात सुमारे चार हजार मतांचे अंतर पडले. मतपत्रिकेवर नाव नसतानाही लोक हाताने नाव लिहून मत देऊ शकतात, अशा उमेदवारांना एक टक्क्याच्या आसपास मते मिळाली, आणि तेवढ्यामुळे दोघेही निम्म्याच्या अलीकडे राहिले. सगळे राज्य फेब्रुवारी १९९१ मध्ये पुन्हा मतदानाला गेले आणि निवडून आले पहिल्या फेरीत पुढे असलेले सिमिंग्टनच. मधले महिने राज्य नव्या गव्हर्नरची वाट पाहत राहिले, प्रचाराचा खर्च दुप्पट झाला. १९९२ मध्ये मतदारांनी ती अट काढून टाकली. जॉर्जियाची कथा अधिक कडू आहे. तिथे १९६४ मध्ये बहुमताची आणि फेरमतदानाची अट आली ती डेन्मार्क ग्रूव्हर या आमदाराच्या पुढाकाराने. कृष्णवर्णीय मतदार एकगठ्ठा मत देतील आणि गोऱ्यांची मते फुटली तर त्यांचा माणूस निवडून येईल, ही त्यामागची धास्ती होती. ग्रूव्हर यांनी आपण त्या काळी वंशविभाजनाचे समर्थक होतो हे पुढे मान्य केले. फेरमतदानाचा व्यावहारिक दोषही तिथेच दिसतो. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये सिनेटच्या जागेसाठी ३७ लाखांहून अधिक लोकांनी मत दिले होते, डिसेंबरच्या फेरमतदानात ती संख्या २१ लाखांच्या आसपास आली. सॅक्सबी चॅम्ब्लिस ५७ टक्क्यांनी जिंकले खरे, पण ते ५७ टक्के घटलेल्या मतदानातले होते. ज्याची पाळी रात्रीची आहे, ज्याला दुसऱ्यांदा रजा मिळत नाही, ज्याच्या गावापासून केंद्र दूर आहे, तो दुसऱ्या फेरीत प्रथम गळतो.

या पार्श्वभूमीवर मेनचा २०१६ चा कायदा पाहिला की त्याची बांधणी कळते. दुसरा प्रश्न त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, त्याच मतदाराला. विधिमंडळ मध्ये येत नाही आणि कुणाला दुसऱ्यांदा रांगेत उभे राहावे लागत नाही. पण १८८० ची दुरुस्ती वाटेत आडवी आली. मे २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मत दिले की गव्हर्नर आणि राज्य विधिमंडळाच्या सार्वत्रिक निवडणुकांत सर्वाधिक मते मिळवणाराच विजयी, असे घटना सांगते, त्यामुळे तिथे हा कायदा लागू करता येणार नाही. न्यायालयाचा अर्थ घटनेच्या शब्दांना धरून होता. विधिमंडळाने मात्र त्याचा आधार घेऊन ऑक्टोबरमध्ये सगळा कायदाच २०२१ च्या अखेरपर्यंत लांबणीवर टाकला, तोपर्यंत घटना बदलली नाही तर तो आपोआप रद्द व्हावा अशी तजवीज करून. पक्षांतर्गत निवडणुका आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेससाठीच्या निवडणुका यांना घटनेचा अडसर नव्हता, तरीही. लोकांनी यावर दुसरे घटनादत्त हत्यार काढले. विधिमंडळाचा कायदा नव्वद दिवसांत सह्या जमवून लोकांपुढे फेरविचारासाठी आणता येतो. ६१ हजारांहून अधिक वैध सह्या हव्या होत्या आणि काळ ऐन हिवाळ्याचा. सह्या जमल्या. १२ जून २०१८ रोजी मतदारांनी सुमारे ५४ टक्क्यांनी तो लांबणीचा कायदा रोखला. त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर, पक्षांतर्गत उमेदवार निवडताना त्यांनी पसंतीक्रमही पहिल्यांदाच नोंदवला. एका कायद्यासाठी लोकांनी दोनदा मतदान करून आपल्याच प्रतिनिधींना अडवले, असे अमेरिकेतही क्वचित घडते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये दुसऱ्या काँग्रेस मतदारसंघात या पद्धतीची खरी कसोटी लागली. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन १,३४,१८४, डेमोक्रॅट जेरेड गोल्डन १,३२,०१३. दोन अपक्षांना मिळून २३,४२७. अपक्ष बाद झाल्यावर त्यांच्या मतदारांपैकी १०,४२७ जणांची पुढची पसंती गोल्डन निघाले, ४,७४७ जणांची पोलिक्विन. अंतिम आकडे गोल्डन १,४२,४४० आणि पोलिक्विन १,३८,९३१. पोलिक्विन न्यायालयात गेले. ट्रम्प यांनी नेमलेले संघराज्य न्यायाधीश लान्स वॉकर यांनी त्यांचा दावा डिसेंबरमध्ये फेटाळला. मावळते गव्हर्नर लपाज यांनी निवडीच्या प्रमाणपत्रावर सही केली, पण ही निवडणूक चोरलेली आहे असा शेरा तिच्याशेजारी लिहिला.

चोरीचा आरोप दोन मुद्द्यांवर उभा होता आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवे. पहिला असा की पुढे असलेला हरला. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या राज्यसभा निवडणुकीत सहाव्या जागेवर शिवसेनेचे संजय पवार पहिल्या पसंतीची ३३ मते घेऊन पुढे होते, धनंजय महाडिक २७ वर होते, आणि दुसऱ्या पसंतीच्या जोरावर महाडिक निवडून आले. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले तेही पहिल्या मोजणीत निम्म्याच्या अलीकडे राहून, पुढच्या पसंतींची मोजणी झाल्यावर. पहिल्या फेरीतली आघाडी म्हणजे विजय, हे आपण गृहीत धरलेले असते. नियम आधी जाहीर असेल आणि सर्वांना सारखा असेल तर त्या आघाडीवर कुणाचा हक्क तयार होत नाही. अपक्षांच्या मतदारांना दोन मते मिळाली, हाही आक्षेप टिकत नाही. दुसऱ्या मोजणीत पोलिक्विन यांच्या प्रत्येक मतदाराचे मतही पुन्हा मोजले गेले, त्याची पसंती शर्यतीत होती म्हणून ते तिथेच राहिले एवढेच.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि या पद्धतीचे समर्थक तो अनेकदा टाळतात. २३,४२७ अपक्ष मतांपैकी ८,२५३ मतपत्रिकांवर गोल्डन किंवा पोलिक्विन यांच्यापैकी कुणालाच पसंती दिलेली नव्हती. त्या मोजणीतून गळाल्या. गोल्डन यांना मिळालेले ५०.६ टक्के हे उरलेल्या मतपत्रिकांतले आहेत. उमेदवारांना पडलेल्या मूळच्या सर्व २,८९,६२४ मतांच्या मानाने पाहिले तर त्यांचा वाटा ४९.२ टक्के भरतो. तेव्हा ही पद्धत दरवेळी निखळ बहुमत देते असे म्हणणे खोटे आहे आणि ते म्हणू नये. पण या गळतीची तुलना कशाशी करायची? फेरमतदानात जॉर्जियातले १५ लाखांहून अधिक मतदार एका महिन्यात गळाले होते. मेनमध्ये गळाले ते शंभरात तीनही नव्हते. त्यांनाही त्याच कागदावर पुढची पसंती द्यायची मुभा होती. कुणी समजून दिली नाही, कुणाला ती द्यायची हे उमगले नसेल. समजून न देणाऱ्याचा मान ठेवावा लागतो, आणि न उमगलेल्यासाठी निवडणूक कचेरीने अधिक कष्ट घ्यायला हवेत.

पद्धत किचकट आहे, सामान्य माणसाला झेपणार नाही, ही तक्रार मला सर्वांत कमकुवत वाटते. ऑस्ट्रेलियाने १९१८ मध्ये ती प्रतिनिधिगृहासाठी स्वीकारली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तिथला कामगार, शेतकरी, दुकानदार आकडे लिहून मत देतो आहे. आयर्लंडमध्ये १९९० साली मेरी रॉबिन्सन पहिल्या पसंतीत मागे असूनही याच मोजणीने राष्ट्राध्यक्ष झाल्या. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या मतदारसंघांतून भरल्या जातात आणि तिथे मतदार नावापुढे १, २, ३ लिहितात. कोटा गाठला गेला नाही की बाद फेऱ्या सुरू होतात आणि मोजणी रात्रभर लांबते. भारताच्या विधी आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात विजेत्याला निम्म्याहून अधिक मते असावीत असा विचार मांडला होता, तो मात्र कागदावरच राहिला. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या मतदाराला जे झेपणार नाही असे आपण मानतो, ते पदवीधराला मात्र सहज झेपते असेही मानतो. या समजुतीला कसलाच आधार नाही.

माझ्या मते सर्वांत वजनदार आक्षेप तिसराच आहे. अलास्काने २०२० मध्ये अशीच सुधारणा जेमतेम बहुमताने मंजूर केली. ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅट मेरी पेल्टोला, रिपब्लिकन सेरा पेलिन आणि रिपब्लिकन निक बेगिच अशी लढत झाली. बेगिच तिसरे म्हणून बाद झाले आणि पेल्टोला जिंकल्या. मतपत्रिकांचा नंतर अभ्यास झाला तेव्हा दिसले की बेगिच यांची समोरासमोर गाठ पेल्टोलांशी पडली असती तरी ते जिंकले असते आणि पेलिन यांच्याशी पडली असती तरी जिंकलेच असते. बहुतेकांना चालणारा माणूस पहिल्या पसंतीत कमी पडला म्हणून आधीच बाहेर गेला. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौर निवडणुकीत हेच घडले होते आणि चिडलेल्या मतदारांनी पुढच्याच वर्षी पद्धत रद्द केली. कुणाला आधी बाद करायचे हे पहिल्या पसंतीवर ठरते, हा या मोजणीचा खरा दोष आहे. पण त्या दोषामुळे जुन्या पद्धतीकडे परतायचे कारण मिळत नाही. त्या दिवशी सर्वाधिक मतांचा जुना नियम असता तरी जिंकल्या असत्या पेल्टोलाच, ४० टक्क्यांवर, आणि बेगिच यांचे काय झाले हे कुणाला कधी कळलेही नसते. पसंतीक्रमाच्या मतपत्रिकांनीच ते उघड केले. मोजणीचा नियम सुधारायचा असेल तर आधी मतदाराचे मन कागदावर पुरते उतरलेले असले पाहिजे. बर्लिंग्टननेही पुढे पसंतीक्रम परत आणला.

ही पद्धत डेमोक्रॅटांच्या सोयीची, असा प्रचार गोल्डन यांच्या विजयानंतर झाला. मेनमध्येच २०२० साली रिपब्लिकन सिनेटर सुसन कॉलिन्स याच मतपत्रिकेवर पहिल्याच मोजणीत ५१ टक्क्यांनी जिंकल्या. अलास्कात २०२४ मध्ये बेगिच निवडून आले. तरीही २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ऑरेगन, आयडाहो, कोलोरॅडो, नेव्हाडा या राज्यांच्या मतदारांनी पसंतीक्रमाचे प्रस्ताव नाकारले, मिसूरीने तर त्यावर घटनेतच बंदी घातली. अलास्कात ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव सातशे-साडेसातशे मतांनी हुकला. यातले कित्येक प्रस्ताव पक्षांतर्गत निवडणुका खुल्या करण्याच्या दुसऱ्याच सुधारणेशी जोडलेले होते. दोन अवघड प्रश्न एकाच खुणेत विचारले की घाबरलेला मतदार नाही म्हणतो, आणि त्याला दोष देता येत नाही. मेनने एकच प्रश्न विचारला होता.

आणि मेनचे काम अजून अर्धेच झाले आहे. मेनचा मतदार एकाच दिवशी सिनेटसाठी पसंतीक्रम लिहितो आणि गव्हर्नरसाठी एकच खूण करतो. २०१८ आणि २०२२ मध्ये गव्हर्नरपदी निवडून आलेल्या जॅनेट मिल्स यांना निम्म्याहून अधिक मते मिळाली म्हणून हा पेच दिसला नाही. तिरंगी लढत पुन्हा होईल तेव्हा तो दिसेल. चेंबरलेन ज्या संकटात पहारा देत होते ते विधिमंडळाच्या सौदेबाजीचे होते आणि पसंतीक्रमात विधिमंडळाचा संबंधच येत नाही, तेव्हा १८८० च्या दुरुस्तीचे मूळ कारण उरलेले नाही. ती बदलण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि त्यानंतर जनतेची मान्यता लागते. जनतेने आपले मत २०१६ आणि २०१८ मध्ये दोनदा सांगितले आहे. उरलेली दोन-तृतीयांश मते आमदारांनी द्यायची आहेत.